हजेरीपटावर नसलेलीं माणसें

(अंबड येथें दिवाळीपूर्वीं, ऊंसतोडीस निघणाऱ्या मंडळींच्या सभेंत एका खेड्यांतील शाळामास्तरानें केलेलें भाषण)

अध्यक्षमहाराज, बंधूंनो, आणि मागें भिंतीला टेकून उभ्या असलेल्या भगिनींनो,

पुढच्या सतरंज्या रिकाम्या आहेत. बायांनीं पुढें येऊन बसावें. आजचें अर्धें बोलणें त्यांच्याविषयींच आहे, आणि ज्यांच्याविषयीं बोलावयाचें त्यांनाच ऐकूं येऊं नये हा आपल्याकडील सभांचा रिवाज आज मोडूं या.

आम्ही व्याख्याते नव्हे. मराठी ट्रेनिंग कॉलेजांतून बाहेर पडलों तेव्हांपासून आजवर वीस वर्षांहून अधिक काळ खेड्यांतल्या पोरांना पाढे आणि बाराखड्या शिकविण्यांत गेला. अर्थशास्त्राची पदवी आमच्यापाशीं नाहीं. परंतु एक ग्रंथ आम्ही रोज सकाळीं उघडतों व त्याचा आमचा अभ्यास चांगला आहे. तो ग्रंथ म्हणजे शाळेचा हजेरीपट. जून महिन्यांत पट भरलेला असतो. दिवाळी होते, मत्स्योदरीच्या डोंगराखालून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून जाऊं लागतात, आणि आमच्या पटावर गैरहजेरीच्या खुणा सुरू होतात. पाडव्यापर्यंत त्या खुणा तशाच. कोणत्या तांड्यावरून, कोणत्या वस्तीवरून किती घरें गेलीं हें सांगावयास आम्हांस सरकारी अहवाल लागत नाहीं. पण एक गोष्ट आमच्या ध्यानांत फार उशिरां आली. त्या पोराचें नांव निदान आमच्या पटावर तरी आहे. त्याच्या आईबापांचें नांव कोणत्याच पटावर नाहीं. आज त्याविषयींच बोलावयाचें आहे.

देशाची भरभराट होत आहे असें वर्तमानपत्रांत येतें. तें खोटें आहे असें म्हणावयास आम्ही उभे नाहीं. डोळे उघडे ठेवणाऱ्यास दिसतेंच. १९६४ सालीं जालन्यास बियाण्यांची महिको कंपनी निघाली. आज जालन्याचें बियाणें देशभर पेरलें जातें. लोखंडी सळ्यांच्या भट्ट्या जालन्यांत रात्रंदिवस पेटलेल्या असतात. मुंबई-नागपूरचा समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यांतून गेला, आणि २०२५ सालच्या जून महिन्यांत तो पुरा झाला. आपल्या तालुक्यापुरतें पाहिलें तर जायकवाडीच्या डाव्या कालव्याचें पाणी आलें, गोदाकांठीं ऊंस उभा राहिला, अंकुशनगरास साखर कारखान्याचें धुराडें उभें राहिलें. आमच्या आजोबांच्या काळीं, निजामच्या राज्यांत, ह्यांतलें कांहीं नव्हतें. पैका वाढला हें खरें आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. एवढे कारखाने निघाले, एवढा ऊंस वाढला, तरी त्याच्यासाठीं घाम गाळणारा माणूस कोणाच्याच वहींत कामगार म्हणून कां नाहीं?

ह्या गोष्टीचा विचार शहाण्या लोकांनीं केला आहे. वेस्ट इंडीजमधील सेंट लुसिया नांवाच्या लहानशा बेटावर जन्मलेले आर्थर लुइस नांवाचे एक काळ्या वर्णाचे पंडित होऊन गेले. १९७९ सालीं त्यांस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. १९५४ सालीं त्यांनीं जें मांडलें तें आम्ही आपल्या भाषेंत सांगतों. समजा, चार माणसांच्या शेतावर घरचीं सहा माणसें राबतात. दोन निघून गेलीं तरी ज्वारी तेवढीच पिकते. तीं दोन कारखान्यांत गेलीं, तर घरच्या भाकरीपेक्षां थोडें अधिक मिळालें कीं तीं राजी. मालकास नफा होतो, तो नफा पुन्हा धंद्यांत घालतो, आणखी माणसें लागतात. असें होतां होतां खेड्यांतले जादा हात संपले, म्हणजे मजुरी वाढूं लागते आणि गरिबाचे दिवस पालटतात. लुइससाहेबांनीं हें कळवळ्यानें लिहिलें. ते स्वतः गुलामांचे वंशज. त्यांच्या हिशेबांत लबाडी नाहीं.

मग आपल्याकडे काय झालें? दोन माणसें गेलीं खरीं; पण तीं कायमचीं गेलींच नाहींत. कार्तिकांत गेलीं आणि चैत्रांत परत आलीं. कारखान्यास हात हवे होते तेव्हां हात नेले, आणि काम सरल्यावर ते हात पोटासकट परत पाठविले. पावसाळाभर त्या पोटाला कोणीं घालावयाचें? म्हाताऱ्या आईबापांस कोणीं पाहावयाचें? तें सारें गांवाकडे. एखाद्याचा बैल दिवसभर औताला जुंपावा आणि संध्याकाळीं वैरणीपुरता धन्याच्या दावणीला परत आणून बांधावा, तसा हा व्यवहार आहे. ह्या व्यवहारांत जादा हात संपत नाहींत, म्हणून मजुरीहि जोर धरीत नाहीं.

ही एकट्या अंबडची गोष्ट नाहीं. २००४ सालीं भारत सरकारनें अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालीं एक आयोग नेमला. त्यानें मोजून सांगितलें कीं, २००४-०५ सालीं देशांतील शंभर कष्टकऱ्यांपैकीं ब्याण्णव असे आहेत कीं ज्यांस नोकरीची शाश्वती नाहीं, आजारपणाची रजा नाहीं, म्हातारपणाची तरतूद नाहीं. त्याहून मोठी गोष्ट त्या आयोगानें सांगितली ती अशी कीं, त्याआधींच्या पांच वर्षांत मोठ्या, नोंदलेल्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत जें काम वाढलें, तेंहि ह्याच बिनशाश्वतीचें होतें. जालन्याच्या भट्टीपुढें उभें राहून पाहा. उत्तर प्रदेशचीं, बिहारचीं माणसें तेथें राबतात. कारखाना पक्का आणि माणूस ठेक्याचा. दरवाजावर पाटी मोठी, पण आंतल्या माणसाच्या खिशांत ओळखीची चिठ्ठी नाहीं.

आतां आपल्या कोयत्याकडे येऊं. बाहेरच्यांस ठाऊक नसतें म्हणून सांगतों. ह्या धंद्यांत 'कोयता' म्हणजे नुसतें हत्यार नव्हे. कोयता म्हणजे नवराबायको. दोन माणसें मिळून एक कोयता. एकट्यास अर्धा कोयता म्हणतात. आमच्या शाळेंत पूर्णांक आणि अपूर्णांक शिकवितात. परंतु माणसास अपूर्णांक करण्याची विद्या आम्हीं ऊंसाच्या फडांत पाहिली.

गेल्या वर्षीं पांचवीच्या वर्गांत आम्हीं फळ्यावर एक उदाहरण घातलें. जानेवारी २०२४ मध्यें पुढाऱ्यांच्या लवादानें हातानें ऊंस तोडण्याचा दर टनामागें ३६६ रुपयांच्या घरांत नेला. त्यापूर्वीं तो २७३ च्या आसपास होता. वाढ झाली, ती नाकारण्याचें कारण नाहीं. मुकादमाचें कमिशन त्यावर शेंकडा वीस, वेगळें. आतां, एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असें धरा. एक लाख रुपये उचल आहे. तर ती किती दिवसांत फिटेल? पोरांनीं भागाकार केला. २७३ टन तोडावे लागतात. दिवसाला दोन टन, म्हणजे १३७ दिवस. साडेचार महिने एक खाडा न करितां, एक दिवस ताप न येतां, पाऊस न पडतां. आणि तोंवर खाणार काय? आठवड्याला खर्ची मिळते, ती पुन्हा अंगावर. आठवड्याची दीड हजार धरली तर एकवीस आठवड्यांचे साडेएकतीस हजार. दीडशें दिवसांची कमाई एक लाख नऊ हजार आठशें. देणें एक लाख साडेएकतीस हजार. पोरांनीं उत्तर काढलें : 'बाकी २१,७०० रुपये.' तें कोणाकडून कोणास, असें आम्हीं विचारलें तेव्हां सारा वर्ग एका सुरांत ओरडला, 'बापाकडून मुकादमाला!' ह्याचें नांव अंगावर राहणें. पुढच्या सालची उचल ह्या बाकीवर चढते, आणि गडी त्याच मुकादमाकडे पुन्हा जातो.

इतकें झाल्यावर मागच्या बांकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. तिचें नांव सांगत नाहीं. ती म्हणाली, "गुरुजी, गणित चुकलं. दोन टन दोघांचं न्हाई, तिघांचं. मी बी मोळ्या बांधते." वर्ग हंसला. आम्हांस हंसूं आलें नाहीं. आमच्या उदाहरणांत ती नव्हती. तिची आईसुद्धां नव्हती. होता तो एक कोयता.

आतां कोणी म्हणेल कीं, मास्तर, ह्यांत दोष कोणाचा तें सांगा. सांगतों, पण आधीं मालक कोण तें तुम्ही सांगा. कारखान्यास विचारा. तो म्हणतो, हे आमचे नोकर नव्हेत, आमचा करार तोडणी-वाहतुकीच्या ठेकेदाराशीं आहे. ठेकेदार म्हणतो, टोळी मुकादमाची, त्यास विचारा. मुकादम म्हणतो, मी स्वतःच व्याजानें पैसे काढून ह्यांना उचल दिली आहे, मीहि ह्यांच्यांतलाच. ऊंसवाल्या शेतकऱ्यास विचारावें तर तो म्हणतो, तोडणी-वाहतुकीचा खर्च माझ्या ऊंसाच्या दरांतून कापून घेतात, आणखी माझ्याकडे काय मागतां? आणि तो खोटें बोलत नाहीं. पैसा शेतकऱ्याचा, हिशेब कारखान्याचा, सही ठेकेदाराची, उचल मुकादमाची, आणि साप चावला तर पाय आपला. ट्रॉलीवरून रात्रीं कोणी पडला, तर चौघेहि एकमेकांकडे बोट दाखवितात. जेथें मालक सांपडत नाहीं तेथें कायदा कोणाच्या दारीं जाणार?

कायदे नाहींत असें नाहीं. १९७६ सालीं वेठबिगारी बंद करण्याचा कायदा झाला. कर्जापोटीं माणूस अडकवून ठेवणें त्यानें गुन्हा ठरला. १९७९ सालीं परप्रांतीं जाणाऱ्या मजुरांसाठीं कायदा झाला. गंमत अशी कीं, अंबडची टोळी बेळगांवकडे गेली तर ती त्या कायद्याच्या दृष्टीस पडे, आणि कोल्हापुरास गेली तर पडत नसे. जणूं सरहद्दीच्या अलीकडच्या ऊंसाचीं पातीं हाताला कमी कापतात! २०१९ पासून गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाचें ऊंसतोड कामगार महामंडळ झालें. टनामागें दहा रुपये कारखान्यांनीं द्यावे आणि तितकेच सरकारनें घालावे असें पुढें ठरलें. मुलांसाठीं वसतिगृहांची योजना २०२१ सालीं निघाली, एकेचाळीस तालुक्यांत ब्याऐशीं वसतिगृहें. हें सगळें चांगलें आहे. ज्यानें केलें त्याचें नांव आम्ही घेऊं. पण ज्या घरांसाठीं हें केलें तीं किती आहेत? कोणी आठ लाख माणसें सांगतो, कोणी दहा, कोणी पंधरा. २०२१-२२ च्या हंगामांत महाराष्ट्रानें १३७ लाख टन साखर केली व साऱ्या देशांत पहिला नंबर मिळविला. वजनकांट्यावर उंसाची एक गाडी मोजल्याशिवाय आंत जात नाहीं. मोळीखालचें माणूस मात्र लाखांच्या फरकानें इकडे तिकडे झालें तरी कोणाची झोंप उडत नाहीं.

आणि बायांचें काय होतें तें आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यानें दाखविलें. २०१९ सालीं सरकारनें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली. ८२,३०९ ऊंसतोड बायांची पाहणी झाली. त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. भगिनींनो, मान खालीं घालूं नका. मान दुसऱ्यांनीं खालीं घालावयाची आहे. फडांत पाणी नाहीं, आडोसा नाहीं, पाळीच्या दिवसांत बसावें तर खाड्याचा दंड, आणि दुखणें घेऊन गेलें तर पिशवीच काढून टाका म्हणणारे कांहीं डॉक्टर. जिचें नांव मजूर म्हणून कोठेंच लिहिलेलें नाहीं तिनें आजारपणाची रजा मागावी तरी कोणाकडे? अर्ध्या कोयत्याला रजा नसते.

ह्यावर आमच्यांतलेच कांहीं म्हणतात, मास्तर, हें असेंच चालावयाचें. हंगामी काम, फिरतीं माणसें, त्यांचा पट कोण ठेवणार? येथें जे म्हातारे बसले आहेत त्यांस आम्ही विचारतों. १९७२ चा दुष्काळ तुम्हीं पाहिला. खडी फोडली, पाझर तलाव बांधले. पुढें वि. स. पागे यांच्या कल्पनेवरून रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ चा, आणि १९७९ पासून तो लागू झाला. तेथें माणसें फिरतीं नव्हतीं काय? काम हंगामी नव्हतें काय? तरी हजेरीपट होता! बाईचें नांव वेगळें होतें, तिच्यापुढें तिचा अंगठा होता, आणि बाप्याला जो दर तोच बाईला होता. पटांत खोटीं नांवें घुसडणारेहि होते, तें आम्हांस माहीत आहे. पण पट होता म्हणून तर चोरी पकडतां आली. दुष्काळांत माळावर जें जमलें तें सुकाळांत साखरेच्या राशीवर बसलेल्यांस कां जमूं नये?

आणखी मागें जातों. मुंबईच्या गिरण्यांतला आमचा कुणबी-मराठा, महार, तेली, साळी असाच मुकादमाच्या हातानें भरती होत असे. आठवड्याची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं दीनबंधु पत्र चालविलें, गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, हजारों सह्या गोळा केल्या, आणि १८९० सालच्या जूनच्या १० तारखेस मालकांनीं रविवारची सुटी कबूल केली. तेव्हांहि मालक म्हणत होतेच कीं, ह्या लोकांस सुटी नकोच आहे. आज मंत्र्यापासून मास्तरापर्यंत सारे रविवार पाळतात. फडांत अजून रविवार पोहोंचलेला नाहीं. सव्वाशें वर्षांहून अधिक झालीं.

आतां उचलीविषयीं. उचल बंद करा असें आम्ही म्हणत नाहीं, आणि जो म्हणतो त्यानें लग्नाच्या किंवा दवाखान्याच्या वेळीं आपल्या खिशांतून एक लाख काढून दाखवावे. बँक देत नाहीं, सोसायटी सात-बारा मागते, आणि ज्याचा सात-बारा एक एकर खडकाचा त्यास मुकादमाशिवाय कोण उभें करितो? मुकादमहि सारेच राक्षस नाहींत. उचल घेऊन माणसें पळून जातात, आणि बुडालेला मुकादम स्वतः कोयता घेऊन फडांत उतरलेला आम्हीं पाहिला आहे. उचल वाईट नाहीं. तिचा कागद वाईट आहे.

त्या कागदाविषयीं आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. सभेचें निमंत्रण आलें तेव्हांपासून हें बोलावें कीं नाहीं असें चाललें होतें. दोन वर्षांपूर्वीं आमच्या गांवांतला एक पालक, त्याचा मुकादम, आणि शंभर रुपयांचा एक स्टँप असे तिघे संध्याकाळीं आमच्या ओट्यावर आले. गुरुजींचें अक्षर चांगलें म्हणून. मुकादमानें सांगितलें तसें आम्हीं लिहिलें. 'मी अमुक अमुक, माझ्या घरगुती अडचणीसाठीं रुपये एक लाख हातउसने घेतले असून ते मागाल तेव्हां परत करीन.' खालीं त्याची सही झाली, मुकादमानें चहा मागविला, आम्ही प्यालों. मजुरीचा शब्द त्या कागदांत नाहीं. ऊंसाचा नाहीं. कारखान्याचें नांव नाहीं. त्याची बायको दाराशीं उभी होती. तिलाहि फडांत जावयाचें होतें, पण तिला आम्हीं विचारलें नाहीं आणि तिचें नांव घातलें नाहीं. हंगामांत ती आजारी पडली. दोघें परत आलीं. मुकादमानें तो कागद पुढें केला. त्यांनीं पांच महिने केलेल्या कामाचा पुरावा एकहि नव्हता, आणि आमच्या सुंदर अक्षरांत लिहिलेल्या कर्जाचा पुरावा पक्का होता. त्यांनीं दोन शेळ्या विकल्या आणि उरलेल्या पैशासाठीं पुढच्या सालचा कोयता कबूल केला. म्हणून सांगतों, सटवीनें कपाळीं लिहिलें असें म्हणत बसूं नका. सटवीचा ह्यांत कांहीं हात नाहीं. हें स्टँपावर आम्हीं लिहिलें.

'हातउसने' हा एक शब्द. त्याच्या जागीं 'ऊंसतोडणीची आगाऊ मजुरी' असें लिहिलें तर तोच रुपया कर्जाचा न राहतां मजुरीचा होतो. मग तो कोणत्या कामाची, कोणत्या कारखान्यासाठीं, कोणत्या दरानें, हें लिहावेंच लागतें. बायकोची मजुरी असेल तर बायकोचें नांव लिहावें लागतें. मुकादम म्हणेल, असला कागद मी घेत नाहीं. एकट्यादुकट्यास तो तसें म्हणेल. एका गांवचे चाळीस कोयते म्हणाले तर त्यास टोळी कोठून भरावयाची आहे? यंत्रें येतील अशी भीति घालतात. यंत्रास सरकार अनुदान देतें हेंहि खरें. पण खाचखळग्यांत, लहान तुकड्यांत, लोळलेल्या उंसांत अजून तुम्हीच लागतां, आणि लागतां तोंवरच बोलण्याची वेळ आहे.

तेव्हां आम्हीं एक दोनशें पानी वही आणली आहे. आम्हीं स्वतः आंखली आहे. रकाने असे : नांव, गांव, कोणाच्या टोळींत, कोणत्या कारखान्याकडे, उचल किती, निघाल्याची तारीख, परत आल्याची तारीख. बाईचें नांव नवऱ्याच्या नांवाखालीं कंसांत नाहीं. तिची ओळ वेगळी, तिचा अंगठा वेगळा. वजनाच्या पावत्यांचे फोटो मोबाईलवर काढून आमच्याकडे पाठवीत जा. आम्ही तारखेवार उतरून घेऊं. वहीची एक नक्कल ग्रामपंचायतींत राहील, एक आमच्याकडे. हें कायद्याचें पुस्तक नव्हे, आणि ह्यानें कारखाना उद्यां मालक होणार नाहीं. पण पुढच्या वेळीं मुकादम एक कागद पुढें करील तेव्हां आपल्या बाजूनेंहि एक कागद असेल. ज्यांना सही येत नाहीं त्यांनीं संकोच करूं नये. ज्यांना नांव लिहावयाचें नाहीं त्यांच्यावर सक्ति नाहीं. मुकादमांपैकीं कोणी आले असतील त्यांनींहि पाहावें, लपविण्यासारखें कांहीं नाहीं.

लहान मुलांचीं नांवें ह्या वहींत घेणार नाहीं. तीं शाळेच्या पटावर आहेत व तेथेंच राहावींत असा आमचा प्रयत्न आहे. हंगामी वसतिगृहांत जेवणाची सोय होते. आजीजवळ ठेवतां आलें तर पोर शाळा सोडीत नाहीं. ती गणित चुकलें म्हणणारी मुलगी आतां सहावींत आहे. तिची आजी ह्या खांबापाशीं बसली आहे. पोरीला ठेवून घेशील का म्हणून आम्हीं तिला सकाळींच विचारलें. ती म्हणाली, "बघूं. पोरगी नसली तर दोन टन व्हायचे न्हाईत." आम्ही अजून तिच्याशीं बोलत आहों. बाकीच्यांनीं तोंवर ओळीनें पुढें यावें.